लेकुरवाळ्या घरासाठी जुनी, मोठी मोटार: निवड, तपासणी आणि कागद

उसाचे बिल हाती पडले, म्हणजे बेलापूर आणि प्रवरेच्या दोन्ही तीरांवरील गावांत, ज्या घरांत एक मूल धावते आणि दुसरे अद्याप कडेवर आहे अशा घरांतून, एक विषय हमखास निघतो. मोटारसायकलीवर चौघांनी बसण्याचे दिवस आता संपले. नव्या मोठ्या गाडीची किंमत तर झेपण्यासारखी नाही. तेव्हा आजी-आजोबांसह सर्वांना सामावून घेईल अशी एखादी वापरलेली गाडी पाहावी. या संबंधाने वाचकांकडून जी विचारणा वारंवार होते ती बहुधा तीनच प्रश्नांभोवती फिरते: एर्टिगा बरी की बोलेरो, डिझेल घ्यावे की सीएनजी, आणि टीटी, म्हणजे मालकीचे हस्तांतर, मागाहून केली तर चालेल ना? यांपैकी पहिल्या दोहोंस घरपरत्वे निरनिराळी उत्तरे संभवतात. तिसऱ्याचे उत्तर एकच आहे आणि ते नकारार्थी आहे. त्याची कारणे पुढे सविस्तर दिली आहेत. तथापि या तिन्ही प्रश्नांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न बहुतेकांकडून राहून जातो, तो असा की, या गाडीत आपल्या घरातील प्रत्येक माणूस नेमका कोठे बसणार?

जागा पट्ट्यांनी मोजा

विक्रेता जेव्हा 'नऊ जण आरामात बसतात' असे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. नऊ जण बसतातही. परंतु अपघाताच्या क्षणी बसण्याची जागा किती आहे हा प्रश्न उरत नसून किती जणांस पट्टा आहे हाच उरतो, आणि मांडीवर धरलेले मूल आईच्या हातांत राहील ही समजूत, गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असली तरीही, निराधार ठरते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जे १९४-ब हे कलम समाविष्ट झाले, त्यान्वये चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बालआसन न लावता गाडी चालविणारास १,००० रुपये दंड सांगितला आहे. दंड किरकोळ आहे, परंतु जबाबदारी चालकाची आहे हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

यास्तव गाडी पाहावयास जाताना कुटुंबातील सर्व मंडळींस, आणि आपण बालआसन घेतलेले असेल तर तेही, बरोबर न्या, आणि पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून पाहा:

- प्रत्येक आसनाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, खाचेत अडकवा, झटका द्या. अनेक जुन्या गाड्यांत मधल्या ओळीच्या मधल्या जागेला केवळ कमरेचा पट्टा असतो. ती जागा लहानग्यास देऊ नये. खांद्यावरून येणाऱ्या तीनबिंदू पट्ट्याच्या जागा किती, ते मोजा.
- बालआसन मधल्या ओळीत बसवा. तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागील बाजूस तोंड करून लावावयाचे असते, आणि निदान पंधरा महिन्यांपर्यंत तरी ते तसेच राहिले पाहिजे. ते लावल्यावर पुढच्या आसनावरील माणसाचे गुडघे कोठे जातात ते पाहा. बालआसन अडकविण्याच्या आयसोफिक्स कड्या असतील तर आसन नीट बसण्याची शाश्वती अधिक. त्या पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात बोटांनी चाचपून शोधाव्या लागतात.
- बालआसन जागेवर असताना तिसऱ्या ओळीत जाता येते का? कित्येक गाड्यांत मधले आसन दुमडल्याखेरीज मागे जाण्याचा मार्ग नसतो, म्हणजे आजोबांस मागे बसविण्यासाठी दर वेळी बाळाचे आसन सोडावे लागते. ही अडचण विकत घेतल्यानंतर कळते आणि मग रोज कळते.
- तिसऱ्या ओळीत थंड हवेचा झोत पोहोचतो का, तेथे डोके टेकण्याचा आधार आहे का, आणि आसनाची पाठ मागच्या दारापासून किती दूर आहे?
- मागील दारांची बालकुलुपे लावून आतून दार उघडण्याचा प्रयत्न करा.

पुढच्या आसनासमोर हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, कार्यान्वित असेल तर त्या आसनावर मागे तोंड असलेले बालआसन कदापि लावू नये. पिशवी फुगताना तिचा आघात थेट बाळाच्या डोक्यामागे होतो. मुलाची उंची साधारण दीडशे सेंटीमीटर होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा त्याच्या गळ्यावरून व पोटावरून जातो. त्या वयासाठी बैठक उंच करणारे बूस्टर आसन मिळते.

आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या भागात विशेष महत्त्वाची. जुन्या बोलेरो, सुमो, टवेरा, स्कॉर्पिओ यांच्या अनेक आवृत्त्यांत मागे समोरासमोरची आडवी बाकडी असतात, आणि घरातील मुलांची रवानगी नेमकी तिकडेच होते, कारण 'पोरं खेळतात तिथं'. पट्ट्यांच्या याच हिशेबाने त्या आडव्या बाकड्यांवर मुलांस बसविणे आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घराने अशी गाडी घ्यावयाचीच झाली, तर ती पाच माणसांची आणि भरपूर सामानाची गाडी आहे असे समजून घ्यावी.

कोणत्या गाड्या पाहाव्यात

मारुतीची एर्टिगा २०१२ साली बाजारात आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची दुसरी, अधिक रुंद पिढी आली. तिन्ही ओळी पुढे तोंड असलेल्या, मधली ओळ पुढेमागे सरकणारी, आणि सुटे भाग श्रीरामपुरात कोठेही मिळणारे. या तीन कारणांनी बहुतेक घरांस तिचा विचार प्रथम करावा असे आम्ही सुचवू. सामानाच्या जागेतला फरक मात्र ध्यानी घ्यावा: तिसरी ओळ उभी असताना पहिल्या पिढीत १३५ लिटर जागा उरे, दुसरीत २०९ लिटर उरते. बाबागाडी आणि दोन पिशव्या यांना एवढाच फरक पुरतो किंवा पुरत नाही.

टोयोटाची इनोव्हा (पहिली पिढी २००५ ते २०१६, त्यापुढे क्रिस्टा) ही जागेने, मजबुतीने व दीर्घायुष्याने सर्वांत श्रेष्ठ. परंतु याच लौकिकामुळे ती भाड्याच्या धंद्यात सर्वाधिक वापरली गेली आणि जुनी असूनही महाग राहिली. तिच्याविषयीचा खरा इशारा पुढे तपासणीच्या भागात दिला आहे.

रेनोची ट्रायबर (२०१९) चार मीटरांच्या आत तीन ओळी बसवते, आणि तिची शेवटची ओळ काढून घरी ठेवता येते. मग मागे ६२५ लिटर जागा मिळते, आणि ती न काढल्यास अवघी ८४ लिटर. २०२१ च्या ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार व मुलांसाठी तीन तारे मिळाले. इंजिन लहान आहे. सात माणसे भरून चंदनापुरीचा घाट चढताना ते जाणवेल. चौघांचे घर आणि कधीमधी येणारे आजी-आजोबा, अशा घरास ती शोभते.

महिंद्राची मराझो (२०१८) फारशी खपली नाही म्हणून जुनी स्वस्त मिळते, आणि त्यात घेणाऱ्याचे हित आहे: त्याच वर्षीच्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी चार तारे होते. ती केवळ डिझेलवर चालते. होंडाची मोबिलिओ (२०१४ ते २०१७) आणि रेनोची लॉजी (२०१५ ते २०२०) या ऐसपैस खऱ्या, पण बंद झालेल्या गाड्यांचा बाहेरील पत्रा, दिवे, काचा मिळविताना पुण्यास फोन करावे लागतात. शेव्हर्लेच्या टवेरा आणि एन्जॉय यांच्या कंपनीने २०१७ अखेर देशातील विक्रीच थांबविली. ओळखीचा मेकॅनिक पाठीशी असल्याविना त्या मार्गास जाऊ नये.

ईको स्वस्त आहे, सरकत्या दारांमुळे अरुंद गल्लीत सोयीची आहे, दुकानदारीस उत्तम आहे. मात्र एअरबॅग नसलेल्या ईकोस २०१६ च्या चाचणीत एकही तारा मिळाला नव्हता, हे मुलांना घेऊन मनमाड रस्त्यास लागण्यापूर्वी लक्षात असावे.

वर्ष कोणते असावे

रंग, चाकांच्या थाळ्या, पडदा असलेला टेप यांवर किंमत चढवू नका, साल पाहा. १ जुलै २०१९ पासून उत्पादित मोटारींत चालकासाठी एअरबॅग, पट्ट्याची व वेगाची सूचना देणारा गजर आणि मागे गाडी घेताना इशारा देणारी यंत्रणा अनिवार्य झाली. त्याच वर्षाच्या एप्रिलपर्यंत चाके न अडकू देणारे एबीएस ब्रेक सर्व मोटारींना सक्तीचे झाले. आणि चालकाशेजारच्या एअरबॅगची सक्ती जुन्या नमुन्यांसही २०२१ अखेर लागू झाली. यामुळे २०१३ ची मोठी गाडी आणि २०२० ची थोडी लहान गाडी एकाच किमतीस मिळत असतील, तर लेकुरवाळ्या घराने दुसरी घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते; त्यानंतर तपासणी करून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. 'तेरा वर्षांची पण ठणठणीत' गाडीची स्वस्ताई दोन वर्षांत कोठे जाते, ते यावरून कळेल.

इंधन

आपले बहुतेक फेरे बेलापूर ते श्रीरामपूर, शाळा, बाजार, दवाखाना असे आखूड असतील, तर एप्रिल २०२० नंतरचे, म्हणजे बीएस-६ मानकाचे डिझेल घेताना सावध असा. त्याच्या धुराड्यातील काजळीची गाळणी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग धावल्याविना साफ होत नाही. आखूड फेऱ्यांनी ती तुंबते आणि खर्च मोठा निघतो. दरमहा नाशिक-पुणे करणाऱ्यांस ही अडचण नाही.

सीएनजीची टाकी सामानाची जागा खाते. सात माणसे आणि टाकी एकत्र आली म्हणजे पिशव्या मांडीवर येतात. टाकी मागाहून बसविली असल्यास तिची नोंद आरसीत (नोंदणीपत्रात) व विम्यात आहे की नाही, आणि दर तीन वर्षांनी करावयाच्या दाबचाचणीचा दाखला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोंद नसलेल्या टाकीची गाडी विमा कंपनी आपली मानणार नाही.

तपासणी: शिर्डीची गाडी आणि पुराची गाडी

आपल्या परिसरात शिर्डी आणि शनिशिंगणापूर यांच्या दरम्यान बारमाही यात्रेकरू वाहतूक चालते, आणि त्या धंद्यातून निघालेल्या गाड्या येथील बाजारात येणे हे स्वाभाविक आहे. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण तशी गाडी 'डॉक्टरांची घरची गाडी' म्हणून विकली जाते तेव्हा असते. परवान्यावरून खाजगीत आणलेल्या गाडीचा इतिहास नोंदणीच्या दप्तरात दिसतो. शिवाय ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, चालकाच्या आसनाची कड बसलेली, छतावर कॅरिअर काढल्याच्या खुणा, वेगनियंत्रकाच्या सोडून दिलेल्या वायरी, आणि मीटर मात्र साठ हजारांवर, असा मेळ दिसला तर मीटरवर विश्वास ठेवू नका. अधिकृत केंद्रातील सर्व्हिसच्या नोंदी मागा. तेथे दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

दुसरी शंका पुराची. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीस आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणास जो पूर आला, त्यात पाण्याखाली गेलेल्या गाड्या दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाण्याचा संभव असतो. पट्टा शेवटपर्यंत ओढला की चिखलाची रेषा दिसते. आसनाच्या रुळांखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, डॅशबोर्डखालच्या बोल्टांवर गंज व बारीक गाळ असतो. आणि उग्र सुवासिक फवारा मारलेला असतो तो बहुधा त्याचसाठी.

उरलेल्या तपासणीस एक कोरडी सकाळ व आपला स्वतःचा मेकॅनिक पुरेसा आहे:

- गाडी रात्रभर उभी असताना, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करावयास सांगा. पोहोचण्याआधीच बोनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या.
- टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालांचे असतील तर कारण विचारा.
- घरातील सर्वांस बसवूनच फेरी मारा. ऊसवाहतुकीने खचलेल्या रस्त्यावर आणि गतिरोधकावर भरलेली गाडी खाली घासते का, पुढच्या चाकांतून खडखड येते का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही.
- चासीवरील क्रमांक आरसीशी अक्षरशः ताडून पाहा.

कागद: आधी बोजा उतरवा

शेतजमीन घेताना सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा आहे का हे ज्या काटेकोरपणे आपण पाहता, त्याच काटेकोरपणे आरसीवरील हायपोथिकेशनची नोंद पाहावी. कर्ज फिटले, पण नोंद उतरविली नाही, असे प्रकार पुष्कळ असतात. पतसंस्थेचा वा बँकेचा बेबाकी दाखला आणि नमुना ३५ मिळाल्याखेरीज ती नोंद जात नाही, आणि ती गेल्याखेरीज आपण निष्कंटक मालक होत नाही. परिवहन खात्याच्या 'वाहन' प्रणालीवर मालकाचा क्रमांक, विम्याची व पीयूसीची मुदत आणि बोजा पाहता येतो. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेले दंड दिसतात. ते विक्रेत्याकडून फेडून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीस उच्चसुरक्षा नंबरपट्टी बसविलेली आहे का, तेही पाहा. विक्रेत्याचा फास्टॅग त्यास बंद करावयास सांगा.

दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त मिळते, कारण तेथे दहा वर्षांपुढील डिझेलवर निर्बंध आले. परंतु परराज्यातील गाडीस नमुना २८ चा ना हरकत दाखला लागतो, महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, आणि बारा महिन्यांच्या आत येथील क्रमांक घ्यावा लागतो. हा सर्व खर्च मिळवून मगच 'स्वस्त' हा शब्द वापरावा.

मालक मयत असेल तर वारसाच्या तोंडी संमतीवर गाडी घेऊ नये. वारसाने प्रथम नमुना ३१ भरून ती स्वतःच्या नावे करावी, आणि मग आपणास विकावी.

टीटी मागाहून का नको

मुद्रांकावर लिहून घेतलेले साटेखत हा दोघांतील करार आहे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले, आणि विकून टाकलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई दप्तरी मालकावर ठेवली. तेव्हा हस्तांतरात जितके हित आपले, तितकेच विक्रेत्याचे आहे. हे त्यास समजावून सांगितले, की सह्या करण्यात टाळाटाळ होत नाही.

क्रम असा ठेवावा:

1. इसारपावतीत गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, ठरलेली किंमत, इसाराची रक्कम, आणि बोजा, दंड अथवा अपघाताचा दडविलेला इतिहास निघाल्यास इसार परत करण्याची अट लिहा.
2. उर्वरित रक्कम बँकेतून द्या. २ लाख रुपये वा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही.
3. रक्कम देतेवेळीच हस्तांतराच्या नमुना २९ व ३० वर सह्या घ्या. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊ नका आणि देऊ नका.
4. ताबापावतीत तारखेबरोबर वेळ लिहा. त्या क्षणापूर्वीचे चलान त्यांचे, नंतरचे आपले.
5. राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळविणे कायद्याने आवश्यक आहे. एमएच-१७ ची गाडी असल्यास हे काम श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयाचे.
6. विमा १४ दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करा. नो-क्लेम बोनस हा गाडीचा नसून जुन्या मालकाचा असतो, म्हणून फरकाची रक्कम आपणास भरावी लागेल. गाडी आपल्या नावे आणि विमा दुसऱ्याच्या, या स्थितीत स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो.

विक्रेता व्यापारी असेल तर

१ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास परिवहन कार्यालयाचे अधिकृतपत्र असावे लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या हवाली केल्याची सूचना नमुना २९-क मध्ये दाखल व्हावी लागते. त्यानंतर गाडीसंबंधीची जबाबदारी त्या व्यापाऱ्याची. हे दोन्ही कागद मागण्यात संकोच करू नका. ते नसतील तर समोरचा माणूस दलाल आहे, व्यवहार मूळ मालकाशी समोरासमोर करावा.

अधिकृत दुकानदाराने मीटर फिरविलेली वा पुरातील गाडी दडवून विकली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावणे सक्तीचे नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनीवर तक्रार नोंदविली तर पुष्कळदा तडजोड तेथेच होते. खाजगी मालकाकडून एकच गाडी घेतली असेल तर हा कायदा सहसा उपयोगी पडत नाही. तेथे दिवाणी न्यायालय किंवा फसवणुकीची पोलिसांत फिर्याद हे मार्ग उरतात, आणि दोन्हीकडे पहिली विचारणा होते ती इसारपावतीची. म्हणून ती, विक्रेत्याची जाहिरात आणि 'अपघात झालेला नाही' असे सांगणारे त्याचे संदेश, हे सर्व निदान दोन वर्षे जपून ठेवा.